रांगेतला शेवटचा माणूस

सालेकसा, ५ नोव्हेंबर १९५१
आज पोलीस ठाण्यावर रुजू झालो. स्टेशनवर हवालदार शालीकराम आला होता. केशोरीचा, भलता बोलका गडी. छातीवरचं पदक पाहून म्हणाला, हे कायले भेटलं जी? सांगितलं, ब्रह्मदेशच्या जंगलातून गस्तीचा एकूण एक माणूस परत आणला म्हणून. इथे दरोडेखोर धरायचेत. हवा झकास, तांदूळ सुवासिक. अजून काय पाहिजे?

७ नोव्हेंबर
पहिली गस्त. खिंडीत वाटेकडेला फांद्यांचा ढीग आहे. तिथे वाघाने एका वाटसरूला नेलं होतं. येणाराजाणारा तिथे एक फांदी टाकतो. नाहीतर तो मेलेला सोबत मागत मागे येतो म्हणे. शिपाई रांग मोडून फांद्या तोडायला लागले. मी डाफरलो. गस्त आहे ही, जत्रा नाही. एकालाही टाकू दिली नाही. चूक होऊन राहिली जी, असं शालीकराम पुटपुटला. होऊ दे म्हटलं.

९ नोव्हेंबर
शिपाई बिसराम गेला. रांगेत शेवटचा होता, भर दुपारी नाहीसा झाला. ढिगाजवळ त्याची बंदूक, झाडाला नीट टेकवलेली. रक्त नाही, वाघाचा माग नाही. शिपाई म्हणतात, आता फांदी टाकून भागत नाही, त्या मेलेल्याला सोबत मिळाली. पळाला असेल, असं मी ओरडलो. पण बिसराम पळणारा नव्हे. जीव तुटतो. माझा माणूस आहे तो.

१० नोव्हेंबर
आज रांगेत शेवटी मी चाललो. मागून बिसरामचा आवाज, साहेब, थांबा जी. वळलो, वाट रिकामी. ढीग वाढलाय. ताज्या फांद्या, चीक ओला. आमच्यापैकी कोणी टाकल्या नाहीत.

११ नोव्हेंबर, खिंडीत
भीती वाटते. लिहिलं, झालं. पण माणूस टाकून पदक मिरवणार नाही. शालीकराम पाया पडला, तरी सगळ्यांना पुढे पिटाळलं. ढिगाशी एकटा बसलोय. मोठ्याने सांगितलं, फांदी देत नाही. बिसरामला सोड, मी थांबतो.

पावलं. दोघांची. एकाचे बूट, दुसरा अनवाणी—

बिसराम! जिवंत. ओळखत नाही मला. त्याला म्हटलं, पळ, मागे बघू नको. पळाला.

आता सगळे पुढे. एकूण एक.

अनवाणी पावलं पाठीशी थांबलीत. गार श्वास, मानेवर—

ऐक रे, माझ्या गस्तीत शेवटचा मी चालतो. माझ्या मागे कोणी नाही. तू पुढे हो. पुढे हो म्हणतो ना, पु—