दहा मिनिटं चालणारी पिकअप

दि. ३ जानेवारी

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

काकांनी मृत्युपत्रात पिकअप माझ्या नावे केली, तेव्हा अख्खं घर हसलं होतं. मी वाचनालयातला माणूस. आयुष्यात दारावरची एक घंटा दुरुस्त केली, तेवढ्यावरून ‘खटपट्या’ हे नाव पडलं. तरी दोन महिने मिस्त्रींच्या गॅरेजात मीही हात काळे केले. पत्रा ठोकला, निळा रंग दिला, जुनं दिसेल ते बदललं. काकांची अक्कल पाहून मिस्त्रीही थक्क झाले. रेडिएटरची नळी चक्क नाडीने आवळलेली आणि पेट्रोलच्या वाटेत चहाच्या गाळणीची जाळी.

पण गाडी दहा मिनिटं चालते आणि मान टाकते. थोडं थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी सुरू होते. काल मुलींच्या शाळेसमोर बंद पडली, ती सहावीच्या वर्गाने ढकलली. मिस्त्रींनी इंजिनही उघडून पाहिलं. आता ते म्हणतात, जागा अडते, शनिवारी भंगारवाल्याला बोलावू. काकांची आठवण मी भंगारात घालवली, हे तुला कोणत्या तोंडाने सांगू?

तुझ्या बहिणीला नमस्कार. लोभ आहे तो गाडीबरोबर आटू देऊ नकोस.

तुझा,
खटपट्या


दि. ७ जानेवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

आधी भंगारवाल्याला नको म्हणून सांग, मग पुढे वाच.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण नवं बसवलंस ना? जुन्या झाकणाला मी खिळ्याने बारीक भोक पाडलं होतं. पेट्रोल संपत जातं तशी टाकीत हवा शिरायला हवी, नाहीतर ते पुढे सरकत नाही. झाकण जरा सैल करून बघ.

मी पाडलं होतं, हे चुकून लिहिलेलं नाही. आणि ती नाडी बघून तुम्हा दोघांच्या डोक्यात आलं नाही का, की तुझे काका काही परकर नेसत नव्हते? ते काच पुसायचे, हॉर्न वाजवायचे आणि गाडी बंद पडली की बॉनेट उघडून गंभीरपणे सुस्कारा सोडायचे. दुपारी ते झोपले की मी गाडीखाली शिरायचे.

इथे बरी आहे. बहीण रिकामं भांडंसुद्धा उचलू देत नाही. काल तिचं शिवणयंत्र उघडून पाहिलं, तर आज त्याला कुलूप आहे.

आशीर्वाद आहेतच, पाने-पकडी जपून वापर.

काकू


दि. ११ जानेवारी

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

झाकण सैल केलं आणि गाडी सव्वा तास चालली. चौथ्या फेरीला मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांच्याकडे सहा महिने रुसलेला एक ट्रॅक्टर आहे, तोही पत्राने बरा होईल का, असं त्यांनी विचारलंय.

घरी सांगितलं. आई म्हणाली, तुझ्या पदराला पेट्रोलचा वास येतो हे तिला कधीचं ठाऊक होतं. बाबांना मात्र पटेना. काकांच्या हुशारीवर त्यांनी एका लग्नात भाषण केलं होतं.

पण इतकी वर्षं गप्प का राहिलीस? काकांना कधी कळलंच नाही? आणि काका गेल्यावर, एकटीला कसं जमेल म्हणत आम्हीच तुला तिकडे धाडलं, त्याची आता लाज वाटते. परत ये.

रागवायचं असेल तर येऊन रागव.

तुझा,
खटपट्या


दि. १५ जानेवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

पहिल्यांदा खरं सांगायला गेले, तेव्हा ते शेजाऱ्याला दुरुस्तीची हकिकत ऐकवत होते. इतकी रंगवून, की पुढे काय झालं ते मलाही ऐकावंसं वाटलं. मग राहूनच गेलं. एकदा मात्र रागाने आठवडाभर गाडीला हात लावला नाही. ते पायी हिंडले. पण रोज दुपारी वेळेवर झोपायचे आणि पान्यांची पेटी दाराशी काढून ठेवलेली असायची. तेव्हा मी काय ते समजले.

शेवटच्या आजारपणात मी विचारलं, की गाडी खटपट्याला कशाला दिली. म्हणाले, त्याला काहीच येत नाही, तो तुला बोलावेल.

गुरुवारी दुपारच्या गाडीने येते. बहीण फुगून बसली आहे, पण शिदोरी बांधते आहे. स्टेशनावर पिकअप घेऊन ये. परत जाताना मी चालवीन, तू शेजारी बस. ट्रॅक्टरला तोवर कुणी हात लावू नये.

माया आहे, ती भेटीत वाढेल.

तुझी काकू