हैबतरावांच्या घोड्याची वाटी

जहरा, कुवेत

ती. आईस, लांबून पण वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत?

लाडवांच्या डब्यात तळाशी ती तांब्याची वाटी निघाली. आपले पूर्वज हैबतराव सरदार दगाफटक्याने मारले गेले, तेव्हापासून घोड्यावरून आपल्या दाराशी पहारा देतात, म्हणून आपण रोज त्यांच्या घोड्याला हरभरे ठेवतो, तीच वाटी. वाटी जिथे, तिथे पहारा, असं आजोबा म्हणायचे. माझ्या काळजीपोटीच पाठवलीस ना?

गंमत म्हणून मी फ्लॅटच्या दारात हरभरे ठेवले. सकाळी वाटी साफ! काल धुळीचं वादळ झालं, तर जिन्यातल्या धुळीत टापा उमटल्यात. चौथ्या मजल्यापर्यंत चढणाऱ्याच, उतरणारी एकही नाही. भीती नाही वाटली, उलट बरं वाटलं.

पण आपल्या शेजारच्या वासंतीकाकू परवा फोनवर म्हणाल्या, तुझ्या अंगणात अजून तिन्हीसांजेला टापा वाजतात आणि तू दार उघडायला उठतेस. तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून या पत्राचा फोटो काकूंच्या फोनवर पाठवतोय, त्या लगेच वाचून दाखवतील. माझा इथला मित्र यासिर आज रात्री वाटी घेऊन तुझ्याकडे निघतोय.

तो येईपर्यंत दार उघडू नकोस, आई. हैबतराव इथे आहेत.

तुझा,
मोरू