डाव्या अंगठ्याची जागा

१२ जाने. १९९९, मंचर
वि. जाऊन पाच महिने. लोकांत ‘हे’, वहीत वि. एका घरात दोन नकाशेवाले. त्यातला चांगला गेला, मी नुसती रेघा गिरवणारी ट्रेसर उरले.
आज त्याच्या बोर्डावर बसले. पितळी क्लच पेन्सिल हातात घेतली. जर्मन, धरणाच्या ऑफिसच्या लिलावातली, आम्हा दोघांपेक्षा वयाने मोठी. सहा कडांची, उतरत्या बोर्डावरून घरंगळू नये म्हणून. पुढची नळी लांब, म्हणजे पट्टीला घासून शिस मोडत नाही. टोपीतच शिस घासायची सोय. हे सगळं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ऐकवलं होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि हा माणूस पेन्सिल उघडून बसलेला.
पकडीवरची खरखरीत जाळी एका जागी पार गुळगुळीत. तिथे डावा अंगठा. वि. डावखुरा. माझं बोट तिथे बसत नाही. तरी धरून बसले.

३ फेब्रु.
पेन्सिल शिस धरत नाही. रेघ ओढली की आत सरकते. तोंडातल्या शिस पकडणाऱ्या तीन पाकळ्यांपैकी एक सैल. त्याने घातलेला 2H चा तुकडा काढून काडेपेटीत ठेवला.
पेठला बबनच्या लेथच्या दुकानात देऊन आले. वि.ने त्याच्या घराचा नकाशा फुकट काढून दिला होता, ते तो अजून भेटेल त्याला सांगतो. ‘शिस धरत नाही, बघ जरा’ एवढं सांगितलं. एसटी आली, पळाले.

२० फेब्रु.
बबन स्वतः आला. पेन्सिल रुमालात गुंडाळलेली. चकचकीत.
“पार झिजली व्हती वैनी. हातातनं सटकत आसंल. लेथवर चढवून नवी जाळी मारली. सायबांनी घेतली तवा तरी येवढी चांगली आसंल का?”
पैसे घेतले नाहीत. पाकळीही बसवलीय. मी बोटाने सगळीकडून चाचपलं. सगळीकडे सारखी खरखर.
चहा केला. छान झालीय म्हणाले. त्याचे तीन दिवस गेले होते तिच्यावर, काय म्हणणार? तो गेल्यावर मोरीत जाऊन रडले. वि. गेला तेव्हाही इतकी रडले नव्हते. तेव्हा घरात माणसं होती.

२१ फेब्रु.
चूक माझीच. तेवढ्या जागेला हात लावू नकोस, हे सांगायचं सुचलंच नाही. पण असलं लेथवाल्याला सांगतात तरी कसं...

९ जून २०००
मीना सुट्टीला आलीय. पुण्यात संगणकावर नकाशे काढायला शिकते. म्हणते, आई, रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एका जाडीची येते. वि. रेघ ओढताना पेन्सिल बोटांत फिरवत जायचा, शिस चहूबाजूंनी सारखी झिजावी म्हणून. मला ते कधी जमलं नाही.
पेन्सिल तिच्यापुढे धरली.
“ही नवी नको. बाबांची कुठाय?”
हरवली म्हणाले. पोरीशी खोटं बोलले.

४ मे २००३
बबन आला. थोरल्याचं लग्न ठरलंय, एक खोली वाढवायची आहे. वि.चा नकाशा घेऊन आला होता. बबनच्या दुकानात पत्र्याच्या पेटीवर बसून काढलेला, हाताखाली घ्यायला कोरा कागद नव्हता. डावा हात रेघांवरूनच गेलेला. सगळीकडे शिस फरफटलेली, कोपऱ्यात अख्खा अंगठा, रेषा न् रेषा दिसते. घरी असं झालं असतं तर वि.ने हा कागद फाडून टाकला असता.
“लई घाण झालाय. रबरानं पुसून आणणार व्हतो.”
“पुसू नकोस.”
जोरात बोलले असावे, तो दचकला. मग सगळं सांगितलं. पेन्सिलीचंही. चार वर्षांनी.
त्याने कागद बोर्डावर ठेवला. मग म्हणाला, “तवाच बोलायचं न्हाई का, वैनी.” चहा न घेता गेला.

६ मे
बबनचा निरोप: कागद तुमीच ठेवा, खोलीचं दुसऱ्याकडनं करून घेतो.
असं कसं? दुपारी स्वतः गेले, मापं घेतली. दहा बाय बारा. टेपचं दुसरं टोक त्याने धरलं, पण माझ्याकडे बघत नव्हता.

७ मे
वाढीव खोली नेमकी अंगठ्याच्या कोपऱ्यात येते, रेघा ठशावरूनच जाणार. नव्या कागदावर सगळं घर पुन्हा काढता येईल, दोन दिवसांचं काम. पण वि.ने काढलेल्या घराला खोली जोडायची ती वि.च्याच कागदावर, असंही वाटतं.
काडेपेटी उघडली. वि.चा तो 2H चा तुकडा, बोटाच्या पेराएवढा. पेन्सिलीत घातला, बोर्डावर दाबून बघितला. सरकत नाही. बबनचं काम चोख आहे.
कागद बोर्डाला लावलाय. अजून पेन्सिल टेकवलेली नाही.