कोरा सोडलेला फोटो

पुणे
ता. ३ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. मामा यांना,
समताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये मी काढलेला बाबांचा एकच फोटो आहे. पुढच्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध. तोवर तो मोठा करून, चौकट लावून गावी उंद्रीला आईकडे द्याल ना?

तुम्ही हसाल. फोटोत जवळजवळ काहीच नाही. गेल्या वर्षीच्या जानेवारीतली सकाळ, सोयाबीन निघालेलं उघडं शेत, धुक्यानं सगळं पांढरं, आणि उजव्या कोपऱ्यात हरभऱ्याच्या दाण्याएवढे बाबा, शेतात चाललेले. बस्स. चाळीस वर्षं तुम्ही लग्नांचे फोटो काढलेत, त्यात सगळी वऱ्हाडं आली, पण बाबा नाहीत; ते कायम तुमच्या बाजूला दिवा धरून उभे. उरलं आधारकार्ड, त्यात ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात.

आईला तेव्हा पोस्टकार्डाएवढी एक प्रत दिली होती. एवढ्या कोऱ्या कागदावर किराण्याची यादी तरी झाली असती, असं ती म्हणाली. प्रत बहुधा चुलीत गेली. मला मात्र त्या पांढऱ्यात नुसतं बसून राहावंसं वाटतं. इथं खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. दमून आले की मी हा फोटो उघडते, आणि हळूहळू भिंत विरघळत जाते. जूनमध्ये लॅपटॉप बिघडला, त्यातलं सगळं गेलं, हा तेवढा पेनड्राइव्हवर होता म्हणून वाचला. म्हणून जपा. आणि मामा, मोकळ्या जागेत काही भरू नका.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

आपली भाची,
समता

धामणगाव बढे
ता. १४ नोव्हेंबर २०२४

चि. समतास,
इंद्रभानमामाचे अनेक आशीर्वाद.

पेनड्राइव्ह पोचला. काही भरू नका हे वाचलं. पण पोरी, गिऱ्हाईक तोंडानं नको म्हणतं आणि मनात त्याला हवं असतं, हे मी जन्मभर पाहत आलो. फोटोत जागा उरली तर फोटोवाला कामचुकार, असं आमच्या धंद्यात मानतात. आक्काच्या नवऱ्याच्या फोटोत मी कामचुकारपणा करू?

तीन दुपारी बसून धुकं पार पुसलं. वर निळं आभाळ, बाजूला आंबे, मागे बैलजोडी. दाजींना मोठं करून मधोमध आणलं, डोक्याला केशरी फेटा बांधला. तोंड आक्काकडून आधारकार्ड मागवून बसवलं, जरा हसरं केलं. तुझी मामी म्हणते, दाजी लग्नातसुद्धा इतके देखणे दिसले नव्हते.

घोळ नको म्हणून तुझ्याच फाइलवर सेव्ह करून पेनड्राइव्ह परत धाडतो आहे. कामाचे पैसे विचारशील तर मार खाशील.

लोभ आहेच, तो दिसामाशी वाढो.

तुझा मामा

पुणे
ता. २० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. मामा यांना,
समताचा शि. सा. न. वि. वि.

रागावून लिहायचं नाही म्हणून दोन दिवस थांबले. तुम्ही तीन दुपारी डोळे शिणवलेत ते मायेपोटी, हे मला कळतं. पण मामा, तो फोटो आता कुठंच नाही. दुसरी प्रत काढून ठेवली नाही ही माझीच चूक. मामांकडे पाठवतेय म्हणजे देवाजवळ ठेवतेय, असं वाटलं.

तुमच्या फोटोतला माणूस छान आहे, पण मी त्याला ओळखत नाही. बाबा कधी मधोमध उभे राहिले? तो पांढरा उजेड, ती शांतता, आणि त्यात कुणाला अडचण न करता चालणारे ते. मी डोळे मिटून तो फोटो आठवू पाहते, आणि दर वेळी फेटा आडवा येतो. मला फार रडू येतं.

तुमच्या संगणकात कुठं काही उरलं असेल तर शोधा. आईला एवढ्यात काही सांगू नका. लोभ कमी झालेला नाही, एवढं खरं माना.

समता

धामणगाव बढे
ता. १ डिसेंबर २०२४

चि. समतास,
मामाचे आशीर्वाद, आणि वय विसरून, माफीही.

संगणकात काही उरलं नव्हतं. दोन दिवस दुकानाचं शटर अर्धंच उघडलं. शेवटी छापून ठेवलेला तो भरलेला फोटो घेऊन पहाटेच्या एसटीनं निघालो आणि उंद्रीला आक्कापुढे सगळं कबूल केलं. तू सांगू नका म्हणालीस, पण तिच्याशी खोटं बोलणं मला लहानपणापासून जमलेलं नाही.

तिनं फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं की हा फेटेवाला कोन व्हय. मग उठली आणि चुलीशेजारच्या कोनाड्यातून, मिठाच्या बरणीमागून, तुझी ती पोस्टकार्डाएवढी प्रत काढली. कडा धुरानं पिवळ्या, कोपऱ्यावर पिठाच्या बोटांचे ठसे. मी म्हणालो की तू तर याला किराण्याची यादी म्हणाली होतीस. तर म्हणे, तव्हा ते रोजच दिसत होते, कागदावर कायले पाहू?

मी सहज बोललो की यात दाजी पाठमोरे जात आहेत. आक्का हसली, वर्षभरात पहिल्यांदा. म्हणे, जाऊन नाही राह्यले ते, येऊन राह्यले. जाताना रुमाल डोक्याले, येताना खांद्यावर. यवढंबी दिसत नाही काय रे तुले, फोटोवाला असून? भिंग लावलं. रुमाल खांद्यावर होता, पोरी. आणि मी तिथं फेटा बांधला होता.

चुलीपुढे बसून उघड्या दारातून तिनं त्यांना रोज एवढंच पाहिलं आहे. धुईतून तो ठिपका दिसला की तवा ठेवायचा, म्हणजे ते हातपाय धुऊन बसेस्तोवर भाकरी तयार.

अंगणातल्या उन्हात त्या प्रतीचा फोटो काढला आणि मोठा केला. हात चारदा आभाळाकडे गेला, चारदा मागे घेतला. जरा पुसट आला आहे. तयार झाल्यावर दुपारभर समोर ठेवून बसलो, तर पायांना गार लागल्यासारखं वाटलं. माझे सगळे फोटो गर्दीचे. इतकं निवांत मला कुठंच बसता आलं नव्हतं.

काल तो चुलीसमोरच्या भिंतीवर लावून आलो. वर्षश्राद्धाला मोठा हार आणतो म्हणालो, तर आक्का नको म्हणाली. हारानं वाट झाकते, म्हणे. मंग तवा कवा ठेवू मी?

लोभ ठेव. सकाळच्या गाडीनं ये. इकडे धुई पडू लागली आहे.

तुझा,
मामा