काठावरचं मीठ

१६ ऑक्टोबर १९५६, मंगळवार

नाही म्हणजे नाही! शशीचं सरबत मी त्या माणसांना पाजणार नाही.

ऑफिसातून आला तो बूट काढायच्या आधीच सांगून मोकळा — दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या दिवशी संध्याकाळी कमलाकांतकाका आणि काकी आपल्याकडे येणार. काका म्हणजे ह्याचे ऑफिसातले साहेब, आणि आमच्या प्रभू ज्ञातीतलेच, म्हणून काका. शिवाय ऑफिसातले दोघेचौघे. त्या दिवशी एक नोव्हेंबर आहे. मुंबईसह महाराष्ट्र मागितला, मिळालं ते गुजरातसकट एक भलंमोठं द्विभाषिक. त्या राज्याचा पहिला दिवस, आणि त्याचा आनंद आमच्या घरी! काका म्हणाले म्हणे, कटकट मिटली एकदाची, चार घटका बसू. बाटली ते आणणार. त्यांना डॉक्टरी परमिट आहे. दारूबंदी आल्यापासून मुंबईतली सगळी बडी माणसं आजारी आहेत.

आणि मला काय सांगतो? "नलू, ते शशिकांतचं पेरूचं कर ना. काठाला मीठ लावायचा ना तो, ते."

नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायची आमच्यात रीत नाही. ह्या पानावर घेते. आणि एकेरीत घेते. मनमोहन, तुला लाज नाही.

१७ ऑक्टोबर

बोलणं बंद. आमटीत मीठ जास्त पडलं. निमूटपणे जेवला. अजून टाकायला हवं होतं.

१९ ऑक्टोबर

आज शशीचीच आठवण. माझा धाकटा भाऊ. बंदरावर एका आगबोट कंपनीत कारकून होता, बोटी लागल्या की कागद घेऊन वर चढायचा. कुठल्याशा अमेरिकन बोटीवरच्या खानसाम्याने त्याला एक पेय दाखवलं — लिंबू, संत्र्याची दारू, कसलीशी निवडुंगाची दारू, आणि ग्लासाच्या काठाला मीठ. नाव मार्गारिता. घरी येऊन सांगतो तर आईने पहिलं विचारलं, "कोण ही? कुठली?" शशी म्हणाला, "आई, मुलगी चांगली आहे, जरा आंबट आहे एवढंच." आई दोन दिवस धास्तावलेली होती!

मग त्याने आपली देशी मार्गारिता काढली. निवडुंग नाही, दारू नाही. आश्विनात आतून गुलाबी पेरू येतात ते वाफवायचे, दालचिनीचा तुकडा घालून. बिया राहू नयेत म्हणून मलमलीतून गाळायचे. लिंबू, थोडा गूळ, संत्र्याची किसलेली साल. ग्लासाच्या काठावर लिंबाची फोड फिरवायची आणि ग्लास पालथा मीठ-तिखटाच्या बशीत. दोन दिवाळ्या माझ्या गिरगावच्या माहेरी त्याने हे सगळ्यांना पाजलं. मनमोहन तीन-तीन ग्लास प्यायचा. शशीच्या पाठीवर थाप मारून.

जानेवारीत ठाकूरद्वारच्या गोळीबारात शशी गेला. वाटेने जाताना लागली नाही त्याला. मोर्च्यात होता, पुढे होता, घोषणा देत होता. कर्फ्यू लागलेला. मी इथे दादरला अडकले. मनमोहन कसाबसा गिरगावात पोचला, चार खांदे मिळायची पंचाईत होती म्हणे, त्यातला एक त्याचा. मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तोंडसुद्धा पाहिलं नाही मी.

त्यानंतर मला कोणी शशीबद्दल काही विचारत नाही. भिडेखातर असेल.

२४ ऑक्टोबर

अंगाची आग आग होते आहे!

हिंदमाताला लुगडं घ्यायला गेले तर दुकानात राजलक्ष्मीकाकी. कमलाकांतकाकांची बायको. लुगडी राहिली बाजूला, माझा हात धरून डोळे ओले केले. म्हणे, तुझ्या भावाची ही पहिलीच दिवाळी नाही का, काय गं त्या मेल्या तापाने तरणाताठा पोर नेला. टायफॉइडला हल्ली औषध निघालंय तरी.

मी म्हटलं, कसला ताप?

"अगं, मनमोहननेच सांगितलं. जानेवारीतच नाही का?"

दुकानदार पदर उलगडून दाखवत होता. मी तशीच बाहेर पडले. रस्ता ओलांडला तोही कळला नाही.

ताप! छातीत गोळी घेतली त्याने, आणि ह्याने तिचा ताप केला. साहेबाला कळू नये म्हणून. मेहुणा चळवळीत मेला हे कळलं तर हेडक्लार्कची जागा मिळायची ती जाईल म्हणून. एकदा मेला तेवढं पुरे झालं नाही ह्याला.

२५ ऑक्टोबर

विचारलं. तोंडावर विचारलं, तुम्ही शशीला ताप आला होता असं सांगितलंत का?

हो म्हणाला. नजर खाली. मी म्हटलं, का? त्यावर काय म्हणाला असेल? "असू दे ना नलू. गेलेला माणूस गेला. काय फरक पडतो?"

मला पडतो! मी ओरडले. शेजारच्या बकुळाबाईंचा रेडिओ बंद झाला इतकं ओरडले. भित्रा म्हटलं, हुजऱ्या म्हटलं, काय काय म्हटलं. टोपी घालून खाली निघून गेला. भांडायचीसुद्धा हिंमत नाही.

२९ ऑक्टोबर

मी करणार नाही म्हटल्यावर नवरोजी स्वतः करायला बसले! बाजारातून पेरू आणले, हिरवे, दगडासारखे. सालीसकट शिजवले, बियांसकट कुटले. वर पाणी. चमच्याने चाखून बघत होता आणि माझ्याकडे बघत होता. शशीच्या नावाने ही पेज पाजणार लोकांना?

भांडं मोरीत ओतलं. मी करीन म्हटलं. पण माझ्या हाताने आणि माझ्या मनाप्रमाणे, मध्ये लुडबुड नको.

केवढा खूश झाला. मला त्याच्या खुशीचाही राग आला.

३१ ऑक्टोबर

पेरू चांगले मिळाले. कापले की घरभर वास. दालचिनी घालून वाफवले, मलमलीतून गाळले. गाळताना रडले नाही. शशी असता तर म्हणाला असता, ताई, पिळू नकोस, कडू होतं, आपसूक गळू दे. दोन तास गळत ठेवलं. रंग अगदी तस्सा आला.

गल्लीत ह्या वर्षी कंदील कमी. समोरच्या घरात उद्याच्या निषेधासाठी आत्तापासूनच काळं निशाण शिवून ठेवलंय, बकुळाबाई सांगत होत्या.

१ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली आंघोळ झाली. उटणं, कारीट, सगळं केलं. मग मनमोहनने यमतर्पण केलं. दक्षिणेकडे तोंड करून, काळे तीळ घेऊन यमाच्या नावाने पाणी सोडलं. वर्षातून हाच एक सणाचा दिवस, ज्या दिवशी काळे तीळ घरात बाहेर निघतात. संक्रांतीचे पांढरे, एरवी काळे ते श्राद्धाचे, गेलेल्यांचे.

वाटीत बरेच उरलेत. पाण्यात सोडून ये म्हणाला. मी नाही सोडले.

२ नोव्हेंबर

काल रात्री काही लिहिणं शक्य नव्हतं. आज लिहिते.

ग्लास मांडले. काठावर लिंबाची फोड फिरवली, आणि मिठाच्या बशीत पालथा करायचा तो तिळाच्या बशीत केला. एकेक करून सगळे. गुलाबी सरबत, वर काळी किनार. दिसायला इतकं सुरेख की शशीने टाळी वाजवली असती. पुरुषांच्या ग्लासात काकांच्या बाटलीतली जिन मनमोहनने दिवाणखान्यात ओतली, बायकांना नुसतं. तिथे दिवे मंद होते, त्याला काठ नीट दिसला नाही. तबक मी स्वतः फिरवलं.

ऑफिसातला एक जण म्हणाला, वा वहिनी, नवी फॅशन! आणि प्यायला. काकींनी घोट घेतला, मान डोलावली. काकांनी नव्या राज्याबद्दल काहीतरी बोलत ग्लास ओठापर्यंत नेला आणि तिथेच थांबले. दर वर्षी वडिलांच्या श्राद्धाला तेच तीळ त्यांच्या बोटांना चिकटतात. न ओळखायला काय झालं? ग्लास खाली ठेवला.

"हे काय, नलू? सणाच्या दिवशी काळे तीळ?"

"शशीचे आहेत," मी म्हटलं. "सरबतही त्याचंच. तो तापाने गेला नाही, काका. ठाकूरद्वारला गोळी लागून गेला. तुमची कटकट मिटली म्हणता ना, त्याच कटकटीत."

काकी रुमालाने ओठ पुसत होत्या, लिंबाच्या रसाने तीळ घट्ट बसलेले, निघता निघेनात. मला हसू आलं. खरंच आलं. मग काका उठले, त्यांच्यामागे सगळे उठले. जाताना कोणी पायरीवरच्या पणत्यांकडेसुद्धा पाहिलं नाही.

मी मनमोहनकडे बघत उभी राहिले. आता तरी चिडेल, आता तरी हात उगारेल. त्याने तबक उचललं, आत गेला आणि सगळे ग्लास स्वतः धुतले. बोटाने एकेक तीळ सोडवून.

३ नोव्हेंबर, पाडवा

नवऱ्याला ओवाळायचा दिवस. ओवाळलं नाही. निरांजन पेटवलं, देवापुढे ठेवलं, झालं.

त्याने पाट मांडला होता. बराच वेळ मांडलेलाच होता.

काकांची बाटली कपाटावर तशीच. परमिट त्यांचं, बाटली आमच्याकडे — पोलीस आले तर बाकीची दिवाळी कोठडीत! मी हे मोठ्याने म्हटलं. तेवढ्यावर जरासा हसला. मला हसायचं नव्हतं.

हेडक्लार्कची जागा गेलीच म्हणायची. जाऊ दे. मला वाईट वाटत नाही. मुळीच नाही. उद्या भाऊबीज. भाऊ नसला की चंद्राला ओवाळायचं. उद्या आईकडे जाईन आणि तिला सांगीन, आई, मी सगळ्यांसमोर सांगितलं. तिला बरं वाटेल.

४ नोव्हेंबर, भाऊबीज

दोघं गिरगावला जाऊन आलो. आईला सांगितलं. तिने निरांजनात वात घातली. मग म्हणाली, "गोळी म्हटलं की लोक विचारतात, तो तिकडे कशाला गेला होता. तापाला कोणी कशाला म्हणून विचारत नाही. मीच शपथ घातली होती जावयांना. तुलासुद्धा सांगू नका म्हटलं होतं."

गच्चीवर चंद्राला ओवाळलं. समुद्रावरून वारा येत होता, ज्योत टिकेना. ह्यांनी दोन्ही हातांनी आडोसा धरला.