बटण्याला अंडं दिलं तेव्हा

१४ मार्च, मंगळवार

ती. आईंना,

तुमच्या जावयाचा नमस्कार. गुडघा फार छळत नसेल अशी आशा. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन मधल्या खोलीत वाजतो आणि हे तुम्ही आधी एकट्यानेच वाचावं असं वाटलं.

तुमचा नातू बटण्या आता आधार न घेता बसतो. दुकानात कापड बेतायच्या टेबलाखाली त्याची गादी असते. शिलाई मशीन सुरू असलं की साहेब खूश, थांबलं की कुरकुर. वरचं खाणंही सुरू केलंय. पहिल्यांदा बटाटा कुसकरून दिला, तर त्याने असं पाहिलं, जणू मी त्याच्या पँटचं माप चुकवलंय. भोपळा मिटक्या मारत खातो. गाजर निम्मं पोटात, निम्मं माझ्या शर्टावर. गिऱ्हाइकं कपडे टाकायला येतात आणि सल्ले देऊन जातात.

तुमच्या लेकीला माहेरी नेताना, बाळाचं नाव काढलं तरी ती पुन्हा कोसळेल, तिला काही कळवू नका, असं तुम्ही बजावलं होतंत. बाळंतपणानंतरचे तिचे ते दिवस मीही पाहिलेत, म्हणून इतके महिने तोंड शिवून बसलो.

शनिवारी त्याला अंडं दिलं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनीच सांगितलं होतं, उशीर करू नका, थोडंथोडं द्या. आधी एकदा चमच्याच्या टोकाएवढं दिलं होतं, काही झालं नाही. या वेळी जरा जास्त दिलं आणि एक कॉलर टाचायला वळलो. परत पाहतो तर तोंडाभोवती लाल गांधी उठलेल्या. ओठ सुजत चाललेले. भडाभडा ओकला. मग त्याचं रडणं बदललं, आई. आवाज घोगरा झाला, घशात काहीतरी दाटल्यासारखा. दुकान उघडं टाकून, गळ्यात टेप तशीच, मी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात धावलो.

डॉक्टरीणबाईंनी आधी मांडीत इंजेक्शन दिलं, मग विचारलं, ‘‘घरात कुणाला असं व्हायचं का? याच्या आईला?’’

मला माहीत नव्हतं. तुम्हाला विचारावं म्हणून फोन लावला. तुम्ही बाजारात गेला होतात.

तिने उचलला.

ठेवून द्यावा असं क्षणभर वाटलं. पण बटण्या समोर धापा टाकत होता. एका दमात सगळं सांगून टाकलं. मग ती म्हणाली, ‘‘मला व्हायचं. अंड्यानेच. सुजून डोळे उघडायचे नाहीत, असं आई सांगते.’’ आणि लगेच, ‘‘तो रडतोय ना? फोन त्याच्याजवळ धर.’’

धरला.

‘‘केवढा आवाज झालाय रे त्याचा!’’ ती म्हणाली. रडत होती, पण फोन सोडला नाही.

संध्याकाळपर्यंत सूज उतरली. तुमची चूक नाही, लगेच आणलंत ते बरं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अंडं आता बंद. घरी ठेवायला इंजेक्शन दिलंय, ते कसं द्यायचं तेही शिकलो.

आता खरं सांगायचं ते. तेव्हापासून तुम्ही बाहेर गेलात की ती फोन करते. आज काय खाल्लं, किती खाल्लं, थुंकलं का. कधी रडते, कधी माझ्यावर चिडते. काल तिने स्वतःच तिच्या डॉक्टरांना फोन केला. गोळ्या चालू ठेवा, एकट्या राहू नका, पण जा, असं ते म्हणाले. तिला घरी यायचंय. तुम्हाला सांगायचा तिला धीर होत नाही. तुम्ही एकेक घास भरवून तिला उठवून बसवलंत, हे तिलाही कळतं आणि मलाही. म्हणूनच तिचा पाय निघत नाही.

रविवारी बटण्याला घेऊन येतोय. मागे तुम्ही दारातूनच ‘नको’ म्हणालात आणि मी फिरलो. या वेळी फिरणार नाही. तुम्ही चिडलात तर पायरीवर बसून राहीन, पण तिला विचारल्याशिवाय हलणार नाही.

तिची पिशवी भराल तेव्हा तुमचे दोन कपडेही त्यात टाका. दिवसा मी दुकानात असतो. तिच्याजवळ कुणीतरी हवं, आणि तुमच्याइतकं ते कुणाला जमणार?

तुमच्या शब्दाबाहेर पहिल्यांदाच जाणारा,
तुमचा जावई