आईच्या गालावरची पेन्सिल

तात्या, कोल्हारच्या तुमच्या स्टुडिओतली पत्र्याची पेटी अखेर उघडली आणि काल आईची निगेटिव्ह स्कॅन केली. जुने, घडीवर चिरलेले कृष्णधवल फोटो संगणकावर पूर्ववत करणं हाच आता माझा व्यवसाय आहे. तुम्ही असता तर स्टूल ओढून लेकीच्या शेजारी बसला असता, म्हणून सावकाश सांगते. निगेटिव्हखालून प्रकाश सोडला की चेहरा दिसतो. तोच प्रकाश वरून तिरपा पाडला की चेहरा मावळतो आणि फिल्मवर जे जे बसलेलं असतं, धूळ, बुरशी, बोटांचे ठसे, ते चमकू लागतं. या दोन प्रतिमा एकमेकींवर ठेवल्या, की मूळचं काय आणि वरून आलेलं काय, हे वेगळं करता येतं. काल आईच्या दोन्ही गालांवर स्वल्पविरामाएवढ्या असंख्य चंदेरी रेघा उजळल्या. संगणकाने त्या ओरखडे समजून पुसायला काढल्या. माझं बोट बटणावर होतं.

तेवढ्यात तुमचं ते रागावणं आठवलं. मी नऊ वर्षांची आहे. तुम्ही जेवायला उठला आहात आणि टेबलावरची एका लग्नाच्या मुलीची निगेटिव्ह मला मळकट वाटते. फ्रॉकच्या टोकाने मी ती लख्ख पुसते. तुमचं सकाळभराचं काम त्या एका मिनिटात गेलं. तुम्ही हात उगारला नाहीत. "डाग पुसायच्या आधी त्यो कुनी लावला, ते इचारावं," एवढंच म्हणालात, आणि लगेच शिकवलंतही: देवीचा व्रण निगेटिव्हवर पारदर्शक राहतो, म्हणून कागदावर काळा उमटतो, तिथे शिसपेन्सिलची बारीक रेघ भरली की गाल गुळगुळीत छापला जातो.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. तिचा चेहरा मला आठवत नाही. आठवतो तो तळव्याला लागलेला खरखरीत गाल. देवळाली प्रवरेच्या आत्याला एकदा तसं म्हणाले, तर तिने मलाच वेड्यात काढलं. "काय बी बोलती. भिंतीवर फोटो हाय न्हवं? लोन्यावानी गाल हुते तिचे." आईचा तेवढा एकच फोटो, याच निगेटिव्हवरून छापलेला, आणि तो आत्याच्या बाजूने बोलत होता. इतकी वर्षं मी माझ्याच हाताला खोटं ठरवलं.

निगेटिव्ह ज्यात होती त्या बटरपेपरच्या पाकिटावर तुमच्या अक्षरात लिहिलं आहे: 'स्थळाला दाखवण्यासाठी, तीन प्रती.' म्हणजे फोटो दुसऱ्या कुणाच्या घरी जायचा होता. एकेक व्रण शोधून तुम्ही तो भरलात, म्हणजे तो चेहरा सर्वांत नीट पाहिलेला माणूस तुम्हीच. आणि तात्या, तिन्ही प्रती अजून पाकिटातच आहेत. दिल्याच नाहीत का?

भिंतीवरचा फोटो तुम्ही केलात तसाच राहील. निगेटिव्हला मी हात लावलेला नाही. हे पत्रही त्या तीन प्रतींमागे ठेवते आहे. पण पडद्यावर, एकदाच, तुमची पेन्सिल पुसली आणि आईकडे पाहिलं. तो डाग कुणी लावला, हे या वेळी ठाऊक होतं. तुम्हाला विचारायला मात्र थांबले नाही.